पट्टी नेमकी कुणाच्या डोळ्यांवर?

मंडळी, थोडं कडू लिहितोय. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या रविवारी आपल्या गावातल्या एका मंगल कार्यालयात 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चं प्रात्यक्षिक होतं. आठ-नऊ वर्षांची पोरं, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात रंगीत कार्डं. एक पोरगी कार्ड नाकाजवळ नेते, मान जराशी वर करते आणि म्हणते, "लाल!" टाळ्यांचा कडकडाट. दोन दिवसांचा कोर्स, फी वीस हजार.

शिकलेल्या बापाला सांगतात, हे तंत्रज्ञान आहे, हेडफोनमधून अल्फा लहरी सोडतो. आजीला सांगतात, हा आपला तिसरा डोळा. माल एकच, लेबलं दोन!

मी आयोजकाला म्हटलं, कार्ड तिच्या कपाळासमोर धरू, मग ओळखू दे. "मुलांवर ताण येतो," म्हणाला. वर हळूच, "जाहिरात देतो, चांगलं छापा." नाही छापणार.

मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. बुबुळांच्या हालचाली, बाहुली लहान-मोठी होणं, ऐकलेलं पुढे पोचवणं ही त्याची कामं. तो बंद असता तर पोरगं स्टेजवर नाही, आयसीयूत असतं. पट्टीखाली नाकाशेजारी फट राहते, तिथून दिसतं, हे नरेंद्र नायक आणि अंनिसचे कार्यकर्ते कित्येक वर्षं ओरडून सांगताहेत.

पैसे गेले तर परत कमावता येतील. पण आपण फटीतून बघतोय, हे त्या पोरीला पक्कं माहीत आहे. तरी आई-बाप टाळ्या वाजवतात. मग ती काय शिकली? खोटं बोललं की कौतुक होतं, एवढंच.

उद्या कुणी मला तंत्रज्ञानाचा शत्रू म्हणेल. अजिबात नाही. लुई ब्रेलची दृष्टी लहानपणीच गेली. 1824 साली, पंधराव्या वर्षी त्याने सहा ठिपक्यांची लिपी बांधली आणि आंधळ्यांना पुस्तकं खुली झाली. ते तंत्रज्ञानच होतं. जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंकची चिप पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसवली. खांद्याखाली लुळा पडलेला तो तरुण नुसत्या विचाराने बुद्धिबळ खेळला. पुढे चिपचे काही धागे जागेवरून सरकले, तेही कंपनीला जाहीर सांगावं लागलं. खऱ्या कामात अपयशसुद्धा उघड्यावर येतं.

आणि यंत्राशिवायचा रस्ता हवा असेल, तर इगतपुरीचं विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, मौन, पहाटे चारला उठणं, फी शून्य. तिथेही दहा दिवसांत तिसरा डोळा उघडत नाही. घरी गेल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसा, असंच सांगतात.

म्हणजे भांडण यंत्र विरुद्ध निसर्ग हे नाहीच. ब्रेलला बोटांचा सराव लागतो, ध्यानाला वर्षं लागतात. जाणीव रुंदावते ती मेहनतीने. दोन दिवसांत रुंदावतो तो फक्त आयोजकाचा खिसा.

पुढच्या रविवारी पुन्हा प्रात्यक्षिक आहे म्हणे. पालकांनो, जरूर जा. जाताना घरून मळलेली कणीक न्या आणि नाकाशेजारची फट बुजवायला सांगा. एवढंच करा. बाकी आपोआप दिसेल, तेही उघड्या डोळ्यांनी.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी इथेच आहे.