शतावरी : परंपरा आणि परीक्षा

बाळंतिणीला दूध यावे म्हणून शतावरी कल्प देण्याची रीत नागपुरात आजही रूढ आहे. २०२५ साली केंद्रीय आयुष मंत्रालयाने या मुळीच्या प्रसारासाठी देशव्यापी मोहीम आरंभिली. मागणी वाढणार, हे उघड आहे. प्रश्न आहे तो परीक्षेचा. २०१० च्या नियमानुसार ग्रंथोक्त औषधाच्या परवान्यासाठी सुरक्षिततेच्या स्वतंत्र अभ्यासाची अट नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हा पुरावा खरा. परंतु तो अस्सल मुळीपुरता. बाजारातील चूर्णात काय मिसळले आहे, हे आजीचा अनुभव सांगू शकत नाही. गर्भवती स्त्रियांविषयीचे संशोधनही तोकडेच आहे. प्रसारावर खर्च करणाऱ्या शासनाने तपासणीवरही तितकाच खर्च करावा. अन्यथा या उत्साहाची किंमत बाळंतिणीलाच मोजावी लागेल.