पुस्तकं पुसायची पदवी

आमच्या घराण्यात एक विनोद गेली कित्येक वर्षं फिरतोय. लग्न असो की तेरवी, पंगतीत कुणीतरी तो काढतंच. "पुस्तकावरची धूळ झटकाले डिग्री लागते का बाप्पा?" त्यावर दुसरा, "अन् त्याले शास्त्र म्हणतेत म्हणे!" निमित्त आमची चुलत बहीण. ती बी.लिब. झाली, एवढाच तिचा गुन्हा. ती हसून सोडून देते. मी नाही सोडणार, आणि काका, हे तुम्हीही वाचता हे ठाऊक असूनच लिहितोय.

चष्मा आणि 'शांतता राखा'च्या पाटीवरचे विनोद मी माफ करतो. (चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी बोलायची ताकद असते कुणाला?) पण 'कसलं शास्त्र' हे जरा तपासून बघू.

आपल्याकडे हे शास्त्र उभं करणारे एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लगेच इतके कंटाळले की मला परत शिकवायला पाठवा म्हणाले. म्हणजे काका, तुमचा विनोद आधी त्यांनाच सुचला होता! मग शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे एका दुकानात मेकॅनो हे खेळणं पाहिलं. मोजकेच तुकडे, पण जोडाल ते यंत्र तयार. पुस्तकाचा विषयही असाच तुकड्यांतून जोडता येईल, हे त्यांच्या डोक्यात आलं, आणि १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत छापून आली. खेळणं सगळ्यांनीच पाहिलं होतं म्हणा.

तरी पटत नसेल तर एक सोपी परीक्षा. मोहफुलावरची पुस्तकं लावून दाखवा. ड्युईच्या पद्धतीत झाड म्हणून ५८३, औषध म्हणून ६१५, खाणं म्हणून ६४१, दारू म्हणून ६६३. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, तेव्हा गुन्हा म्हणून ३६४ सुद्धा. वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात आलात तर तिथे बंदी २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. एक फूल, पाच कपाटं. आणि समोरचा पोरगा विचारतो एवढंच, "मोहावर काही आहे का जी?" त्याला झाड हवंय, लाडू हवेत की तिसरंच काही, हे त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं.

दुसरा लाडका विनोद म्हणजे ग्रंथपालाला विज्ञान कळत नाही. बरं. 'कोवळी पानगळ' कुठे ठेवाल? नावावरून कुणीही कवितेत टाकेल. फार हुशार असेल तो वनस्पतिशास्त्रात. तो २००१ चा महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा अहवाल आहे, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्याआधी त्यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरीच घेतली होती. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. हा अभ्यास १९९९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'ने छापला. इतकं मोठं विज्ञान आपल्या अंगणात झालं, आणि उद्या नर्सिंग शिकणारी एखादी मुलगी वाचनालयात आली, अहवाल मात्र कवितासंग्रहांच्या मागे पडलेला असला, तर तिच्यापुरता तो लिहिलाच गेला नाही. पुस्तक चोरीला न जाताही हरवतं, ते असं.

हे होऊ नये म्हणून जे माणूस तिथे बसतं, त्याला आपण काय देतो? २०१२ नंतरची दहा वर्षं 'ड' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं सरकारी अनुदान वर्षाला ३० हजार रुपये होतं. पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, पगार, सगळं त्यातून. बाकी सगळं शून्य धरून सगळी रक्कम पगारात घातली तरी महिन्याचे अडीच हजार. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली. तोच हिशेब पुन्हा मांडला तर चार हजार.

आता काका, या पगारात गणित, वनस्पती, औषधं, दारूबंदीचा कायदा आणि बालमृत्यू, एवढं सगळं कळणारा माणूस मिळत असेल तर मला त्याचा पत्ता द्या. तोवर पुढच्या लग्नात पंगतीला मी तुमच्या शेजारीच बसणार आहे.