बोट पोचेपर्यंत गाव पाण्यात! कोकणातल्या वल्ह्याकडून मांजरा-लेंडीच्या काठानं काय शिकावं?

नांदेड/लातूर : १७ ऑगस्ट २०२५ चा रविवार संपून सोमवार उजाडला तेव्हा मुखेड तालुक्यातली रावणगाव, हसनाळ, भासवाडी आणि भिंगेली ही गावं पाण्यात होती. त्या भागात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारनंच सांगितलं. वरून उदगीर आणि कर्नाटकाच्या बाजूचं पाणीही आलं. एकट्या रावणगावात सव्वादोनशे लोक अडकल्याची माहिती मुख्यमंत्र्यांनी दिली. हसनाळमध्ये जीव गेले. गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यालाच मेली.

मदतीला आपत्ती दलाची तुकडी आली, पोलीस आले, छत्रपती संभाजीनगरहून लष्कराचं पथक निघालं. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं, त्यात वाद नाही. पण नकाशा बघा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, राज्यातली बटालियन पुण्याजवळ आहे. तिथून मुखेड चारशे किलोमीटरच्या वर. संभाजीनगरहून यायचं तर तीनशेच्या आसपास. रात्री दोनला पाणी घरात शिरलं, तर पहिले काही तास गावाला गावाच्याच भरवशावर काढावे लागतात. लेंडी प्रकल्पाची घळभरणी आणि पुनर्वसन हा वाद वेगळा आहे आणि तो मिटायलाच पाहिजे. पण तो उद्या मिटला तरी हे पहिले तास राहणारच आहेत.

त्या पुरानंतर काठच्या गावांत एक मागणी जोरात आहे. ग्रामपंचायतीला बोट द्या. मागणी रास्त आहे, पण अर्धी आहे.

उरलेली अर्धी काय, हे समजायला सांगली जिल्ह्यात जावं लागतं. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये कृष्णेच्या पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. डझनाहून जास्त माणसं बुडाली, त्यात बाया आणि लेकरं होती. बोट गावाचीच होती, काढणारे गावचेच आणि बसणारेही गावचेच. पुराचा धाक एवढा, की बोटीत मावतील त्याहून जास्त माणसं चढली. बोट नव्हती म्हणून ते मेले नाहीत. बोट होती, आणि तिच्यात किती बसवायचे, कुठून काढायची, उलटली तर काय करायचं, याची तालीम नव्हती.

ही तालीम कशी असते हे बघायचं तर समुद्रावर कयाक शिकवणाऱ्यांकडं बघावं. कयाक म्हणजे एकट्या-दुकट्याची लांबट, अरुंद होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं, एकदा डावीकडं मारायचं, एकदा उजवीकडं. उत्तर ध्रुवाकडच्या शिकारी लोकांनी ती सीलच्या कातड्यापासून बनवली, आता ती फायबर किंवा प्लास्टिकची मिळते. तारकर्लीला किंवा गोव्याला सहलीला गेलेल्या पोरांनी ती खाडीत चालवलीही असेल. तो झाला पर्यटनाचा भाग, अर्ध्या तासाचा आणि फोटोपुरता. मुंबईचे कौस्तुभ खाडे साधारण दहा वर्षांपूर्वी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा कयाक वल्हवत गेले. अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर. तिथं फोटोपुरतं शिकून भागत नाही.

खऱ्या शिकवणीचा पहिला धडा वल्ह्याचा नसतो, तो बुडण्याचा असतो. कंबरेएवढ्या शांत पाण्यात होडी मुद्दाम उलटी करतात. शिकणारा डोकं खाली, पाय होडीत. घाबरून हातपाय न मारता, अंगावरचं झाकण ओढून, होडीला हात न सोडता बाहेर यायचं. मग पाण्यातूनच होडीत परत चढायचं. मग दुसऱ्याला चढवायचं. हे डोळे झाकून जमल्यावर पुढचं. आपल्याकडं उलटं आहे. बोट आधी, नारळ आधी, फीत कापायची आधी. आणि पडल्यावर काय, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर.

दुसरा धडा पाणी वाचायचा. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. भरती सुमारे सहा तास चालते, पण पाणी सहाही तास सारखं चढत नाही. पहिल्या तासाला हळू, शेवटच्या तासाला हळू, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी हलतं. खाडीच्या तोंडाशी ओढ सगळ्यात जास्त तेव्हाच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ओढ कमी. शाळेत खारे वारे, मतलई वारे असा धडा होता, तो तिथं रोज कामाला येतो. सकाळी वारा जमिनीकडून, दुपारी समुद्राकडून. ओहोटीचं पाणी बाहेर निघालंय आणि समोरून वारा आलाय, की अर्ध्या तासापूर्वी गुळगुळीत असलेल्या पाण्यावर तुटक्या, उभ्या लाटा उठतात. नवशिक्या तिथंच पडतो. म्हणून शिकवणारा आधी परतीचा वारा बघतो, मग जायची दिशा ठरवतो. जाताना वारा पाठीवर घेऊन लांब गेलेल्याला येताना कळतं की हातातला दम संपलाय.

मराठवाड्यात समुद्र कुठं आहे, असं कोणी म्हणेल. नावाचा एक आहे, कंधारचा जगत्तुंग समुद्र. राष्ट्रकूटांच्या काळातलं ते तळं, आणि खरं तर अशा शिकवणीचे पहिले दिवस घालवायला झकास जागा. पण मुद्दा समुद्राचा नाही, बदलत्या पाण्याचा आहे. समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळतं. लेंडीचं, मन्याडचं, तेरणेचं मिळत नाही. म्हणजे ज्यांचं पाणी जास्त लहरी, त्यांना वाचायला शिकायची गरज जास्त.

आपल्याला जे मिळतं तो मोबाईलवर येणारा विसर्गाचा मेसेज. "एवढे दरवाजे उघडले, एवढे क्युसेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे." क्युसेक म्हणजे किती, हे त्यात कधीच नसतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटर, दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. लातूरकरांना वेगळा हिशोब जास्त पटेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वेची पहिली खेप आली, तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. हजार क्युसेकचा विसर्ग तेवढं पाणी १८ सेकंदांत सोडतो. आणि २८ सप्टेंबर २०२५ ला जायकवाडीतून गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं, म्हणजे सेकंदाला १७ जलदूत. ज्या मुलखात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच मुलखात साडेनऊ वर्षांत ही वेळ आली. मधे सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा-रेणाकाठी अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टरही लागलं होतं. दुष्काळी जिल्ह्याला बोट कशाला, हे वाक्य आता तरी बैठकीत कोणी म्हणू नये.

पुराच्या पाण्याचा जोर डोळ्याला दिसत नाही. वेग दुप्पट झाला की ढकलण्याची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. काल ज्या नळकांडी पुलावरून गुडघाभर पाण्यातून मोटारसायकल काढली, तिथं आज पाणी गुडघाभरच दिसतं, पण वेग दुप्पट असेल तर तोच माणूस गाडीसकट जातो. दरवर्षी अशी बातमी येते आणि दरवर्षी व्हिडिओ काढणारे काठावर उभे असतात.

ओढीत होडी सरळ पलीकडं नेता येत नाही. कयाकवाले तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरपं धरतात आणि वल्हं मारत राहतात. पाणी खाली ढकलतं, वल्हं वर नेतं, आणि होडी आडवी सरकत पलीकडं लागते. ही युक्ती कोकणाची मक्तेदारी नाही. गोदावरीवर नाव चालवणारे भोई वरच्या अंगाला नाव नेऊनच सोडायचे. पूल झाले, नावा गेल्या, आणि नावेबरोबर ती नजरही गेली. आज काठच्या बहुतेक गावांत पोहता येणारी पोरं आहेत. विहिरीत भोपळ्याची सांगड, पांगऱ्याचं लाकूड नाहीतर तेलाचा रिकामा कॅन कंबरेला बांधून शिकलेली. पण विहिरीचं पाणी उभं असतं. वाहत्या पाण्यात तोच गडी काठाकडं सरळ पोहत बसतो आणि दमतो. ओढीत सापडलं तर उताणं व्हायचं, पाय खालच्या दिशेला पुढं ठेवायचे म्हणजे दगड-खोड आधी पायाला लागतं, डोक्याला नाही, आणि तिरपं तिरपं काठाला सरकायचं. उभं राहायची घाई केली आणि पाय दगडात अडकला, तर पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं.

आता फरक. समुद्रावर जे नाही ते आपल्या पुरात आहे, आणि ते कोकणातला कोणी शिकवणार नाही. पाण्याखाली गेलेलं तारेचं कुंपण. बाभळीचं झाड, ज्याच्यातून पाणी जातं पण माणूस अडकतो. कठडा नसलेली विहीर, जिच्यावर पाणी सपाट दिसतं. लोंबकळणारी विजेची तार. आणि सगळ्यात दगाबाज म्हणजे कोल्हापुरी बंधारा. वरून पाणी पडतं तिथं खालच्या बाजूला ते गोल गोल फिरत राहतं. त्या फिरक्यात गेलेली होडी किंवा माणूस परत परत भिंतीकडंच ओढला जातो. तज्ज्ञ माणसंसुद्धा तिथून लांब राहतात. कोणत्या शेतात विहीर, कोणत्या वळणावर तार, बंधारा कुठं, हे पुण्याहून आलेल्या जवानाला माहीत नसतं. गावच्या पोराला माहीत असतं. ही माहिती आणि ती शिकवण एका माणसात आली तर त्याची किंमत मोठी आहे.

कयाक हीच पुरातली बचाव होडी, असा अर्थ कोणी काढू नये. आजारी म्हातारीला तीत बसवता येत नाही. पुरात लागते ती रुंद, सपाट, हवा भरलेली रबरी बोट, इंजिनाची. पण तीही नुसती घेऊन ठेवली तर रबर कोठारात पडून उंदराच्या तोंडी जातं, आणि इंजिन वर्षभर सुरू केलं नाही तर ऐन वेळी दोरी ओढून खांदा निखळतो. आणि काही नाही मिळालं तर माणसं काहिली काढतात, थर्माकोल बांधतात. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची लेकरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जातात, हे २०२३ साली सगळ्या देशानं पाहिलं. बोट नसली तर माणूस थांबत नाही, मिळेल त्यावर बसतो. म्हणून अंगातल्या जॅकेटला आणि पंधरा-वीस मीटर तरंगत्या दोरीला बोटीच्या आधी पैसे लागायला पाहिजेत. ती दोरी काठावरून फेकायची असते. फेकणाऱ्यानं आपल्या कंबरेला बांधायची नाही, गाठ सुटत नाही आणि एकाच्या जागी दोघं जातात.

शिकवायचं कोणाला, याचं उत्तर अवघड नाही. विष्णुपुरी, मन्याड, इसापूर, निम्न तेरणा या जलाशयांवर मासेमारी करणारी पोरं आजही पाण्यावर आहेत. त्यांना वल्हं शिकवायला लागत नाही, बचाव शिकवावा लागतो. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत देशातल्या साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं, प्रशिक्षण बारा दिवसांचं. योजना चांगली. पण बारा दिवसांत प्रथमोपचार, आग, भूकंप, पूर सगळंच बसवायचं, म्हणजे पाण्यात उतरायला दिवस किती उरतात? आणि एकदा शिकलेलं दरवर्षी घासलं नाही तर गंजतं. कयाकवाला मुरलेला असला तरी हंगामाच्या सुरुवातीला होडी उलटवून बघतो. काठच्या गावांत आपदा मित्र निवडताना पोहण्याची आणि जलाशयावरच्या अनुभवाची अट घातली, आणि दर मे महिन्यात दोन दिवस पाण्यावरच उजळणी ठेवली, तर खर्च एका बोटीपेक्षा कमीच येईल.

वेळही ठरलेली आहे. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. म्हणजे तिकडचे शिकवणारे त्या आधी मोकळे करून घ्यावे लागतील. गोव्यात पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, १९९० पासून जीवरक्षक आणि बोट चालवण्याचे वर्ग घेते. दोन्ही जिल्हा प्रशासनांनी तिथं पंधरा-वीस पोरं पाठवली तर ती आल्यावर कंधारला, लिंबोटीला इतरांना शिकवू शकतात. मृगाचा पाऊस पडल्यावर हे करून उपयोग नाही.

आपल्या गावातून आपदा मित्राच्या यादीत कोणाचं नाव आहे आणि तालुक्याला बोट, जॅकेट, दोरी किती आहेत, हे तहसील कार्यालयात विचारता येतं. ग्रामसभेत ठराव घेऊन लेखी मागता येतं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.