मुलाखतीत परीक्षा कोणाची?

पदवी व लेखी परीक्षेचे अडथळे ओलांडून आलेल्या उमेदवाराचे भवितव्य अखेर काही मिनिटांच्या संभाषणावर अवलंबून राहते. त्या मिनिटांत काय विचारले जाते? श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निकाली काढलेली तक्रार बोलकी होती. मुलाखती दोनतीन मिनिटांत उरकल्या गेल्या आणि प्रश्न आईवडील व वास्तव्य यांविषयीचे होते! मुलाखतीला एकतृतीयांश गुण देणे न्यायालयाने मनमानीचे ठरविले आणि १५ टक्क्यांची मर्यादा सुचविली. पुढे २०१६ च्या प्रारंभापासून केंद्र सरकारने कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच रद्द केली.

खासगी व्यवसायात मात्र ती राहणारच. तेथे सुधारणा हवी ती प्रश्नांत. ‘तुम्ही कष्टाळू आहात ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर कोण देईल? उलट, ‘हिशेब जुळला नाही असा एखादा प्रसंग सांगा, तुम्ही काय केलेत?’ असे विचारले, की पाठ केलेले उत्तर अपुरे पडते. ‘चूक कोठे सापडली?’, ‘वरिष्ठांना केव्हा कळविलेत?’ हे उपप्रश्न बाकीचे काम करतात. अनुभव नसलेल्या पदवीधरापुढे कामातील एखादा पेच ठेवावा आणि तो कसा सोडवाल, असे विचारावे.

सर्व उमेदवारांना तेच प्रश्न आणि आधीच ठरविलेल्या निकषांवर गुण, ही शिस्त निष्फळ नाही. पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पूर्वीच्या संशोधनांचा फेरआढावा घेतला. त्यात अशा मुलाखतीचा प्रत्यक्ष कामगिरीशी सहसंबंध ०.४२ आढळला, गप्पावजा मुलाखतीचा अवघा ०.१९. अर्थात ०.४२ म्हणजे भविष्यवाणी नव्हे. म्हणूनच कामाच्या नमुना चाचणीची जोड हवी.

यावर आक्षेप येतो, की ठरीव प्रश्नांनी माणूस कळत नाही. परंतु मोकळ्या गप्पांत कळतो तो बहुधा आपल्यासारखा बोलणारा माणूस. सफाईदार इंग्रजी हीच बुद्धिमत्ता ठरते आणि तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेला मुलगा मागे पडतो. मुलीला ‘लग्न केव्हा करणार?’ असे विचारले जाते. तिच्या भावाला नाही. या प्रश्नाचा कामाशी संबंध काय?

निवड चुकली, तर नुकसान एकट्या उमेदवाराचे होत नाही. त्याची किंमत संस्थाही मोजते. म्हणून उमेदवाराने तयारी करून यावे, ही अपेक्षा रास्त असली, तरी प्रश्नकर्त्यानेही तयारी करूनच खुर्चीत बसले पाहिजे.