डाग कुणाला खुपतो?

परवा फोंड्याला बहिणीकडे बारसे होते. बाळाच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत काळा, केसाळ तीळ. पाळणा हलायच्या आधीच निकाल लागला : "ग्रहणात आदोळीवर काहीतरी चिरले असेल हिने!" बहीण मान खाली घालून बसली. मी कारकून माणूस, फायलीवर शेरा मारण्यापलीकडे हिंमत नाही. पण त्या दिवशी बोललो.

ग्रहणाचा इथे काडीचा संबंध नाही. गर्भ वाढत असताना एका पेशीच्या जनुकात बदल होतो, बहुतेकदा एनआरएएस या जनुकात. आईने काही केल्याने तो होत नाही. असा प्रचंड तीळ साधारण २०,००० बाळांत एकाला असतो.

मग दुसरी तुकडी सरसावली. "मुलगी आहे हो, लग्नाआधी काढून टाका. लेझर आहे ना हल्ली!" मुलगा असता तर याच मंडळींनी 'मारुतीची कृपा' म्हणून पेढा खाल्ला असता.

लेझरने वरचा रंग फिका होतो, खोलवरच्या पेशी तशाच राहतात, रंग पुन्हा उमटतो. लहान डाग टप्प्याटप्प्याने कापून शिवता येतो. मोठ्यासाठी शेजारच्या चांगल्या कातडीखाली सिलिकॉनची पिशवी ठेवतात नि आठवड्याला थोडे थोडे सलाईन भरून दोन-तीन महिने फुगवतात. बाळंतिणीच्या पोटासारखी कातडी वाढते. मग डाग कापून ती त्यावर ओढायची. अख्ख्या पाठीला हे कितीदा करावे लागेल, तुम्हीच सांगा! नाहीतर मांडीच्या कातडीचे कलम. एवढे सोसून शेवटी व्रण उरतातच.

शस्त्रक्रिया करूच नये असे मी म्हणत नाही. लहान वयात कातडी चांगली ताणते, म्हणजे थांबण्यालाही किंमत आहे. पण सोसणार ती पोर, आणि हिशेब न जन्मलेल्या जावयाचा?

खरी भीती कर्करोगाची. बहुतेकांना तो होत नाही, पण एवढ्या मोठ्या डागात धोका नेहमीपेक्षा जास्त. डाग कापला तरी तो पुरता टळत नाही, कारण या पेशी कधी मेंदूच्या आवरणातही असतात. हे मात्र बारशात एकानेही विचारले नाही.

सोमवारी बांबोळीला जायचे आहे, रजा टाकली आहे. आत्याबाईंचा फोन आला, "डाग कधी काढणार?" म्हटले, आधी डोक्याचा एमआरआय होईल का ते विचारतो.