येझदी आणि तेलकट पुस्तिका

दोस्तांनो, येझदी पाहिलीय? किक आणि गिअर एकाच दांडीवर! म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती बनायची. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. गाड्या मात्र अजून धावताहेत.

त्या टिकवायला उपयोगी पडते ती दुरुस्ती-पुस्तिका. गंमत बघा. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. बहुतेक मॉडेलांत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. किती? अंदाजाने ओताल तर फसाल! कमी पडलं, की पिस्टन तापून सिलिंडरमध्येच अडकतो. गाडी वेगात असेल तर मागचं चाकही अडकून स्वार पडू शकतो. जास्त झालं, तर धूर आणि प्लगवर काजळी. पुस्तिकेत प्रमाण छापलेलंच असतं. समजा, २५ लिटरला १ लिटर. मग ५ लिटर पेट्रोलला किती? करा त्रैराशिक! २०० मि.ली. आलं ना?

प्लगच्या टोकांमधली फटही पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ती फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजतात. आणि हो, पुस्तिका त्याच मॉडेलची हवी. शेजारच्या काकांच्या बुलेटची चालायची नाही!

सुट्टीत आई-बाबांबरोबर बसा. इंजिन गार हवं. आकृती पुढ्यात ठेवा आणि काढलेले नट-बोल्ट क्रमाने कागदावर मांडत जा.