जिन्याखालचा समाज

दि. ९ फेब्रुवारी २०२० रोजी 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या सन्मानासह चार ऑस्कर पारितोषिके पटकावली. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला हा सर्वोच्च मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. आपल्याकडील सुशिक्षित प्रेक्षकांनीही दिग्दर्शक बोंग जून-हो यांची मनापासून वाहवा केली. त्यानंतर दीड महिन्यातच टाळेबंदी जाहीर झाली, भिवंडीतील यंत्रमागांचा खडखडाट थांबला आणि मुंबई-नाशिक महामार्गावर डोक्यावर बोचकी घेतलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. पडद्यावर पाहिलेली सोल शहरातील तळघरातली माणसे आपल्या दारावरूनच चालत होती. त्यांची कथा मात्र कोणी तिकीट काढून पाहिली नव्हती.

या चित्रपटात कोणी रूढ अर्थाचा खलनायक नाही, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. अर्ध्या तळघरात राहणारे, पिझ्झाची खोकी घडवून पोट भरणारे एक कुटुंब युक्तीप्रयुक्तीने श्रीमंत घरात शिकवणीला, चालक म्हणून, घरकामाला शिरते. घरमालक दुष्ट नाहीत. ते सौम्य आहेत, वेळेवर पगार देतात. फक्त नोकराच्या अंगाचा वास त्यांना सहन होत नाही. मुसळधार पाऊस पडतो तेव्हा टेकडीवरच्या घरात त्या पावसाने हवा स्वच्छ झाल्याचा आनंद असतो, तर त्याच पाण्याने खालच्या वस्तीतील संसार वाहून गेलेला असतो. आणि सर्वांत दारुण गोष्ट ही, की त्या आलिशान घराच्या पोटात लपलेल्या दुसऱ्या गरिबाशी पहिला गरीबच जिवावर उदार होऊन झुंजतो. वर बसलेल्यांना या झुंजीचा पत्ताही नसतो.

हा विषय भारतीय चित्रपटाला नवा नाही. उंचावरचा धनिक आपले सांडपाणी खालच्या वस्तीकडे वळवतो आणि रोगराई पसरते, हे कथानक चेतन आनंद यांनी 'नीचा नगर' या चित्रपटात मांडले होते. १९४६ च्या कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिकाचा वाटा मिळाला होता. त्याच महोत्सवात २०१९ साली 'पॅरासाइट'ने बाजी मारली. ७३ वर्षांत पाण्याने आपली दिशा बदललेली नाही. ते आजही वरून खालीच वाहते.

भिवंडीच्या जिन्यालाही अनेक पायऱ्या आहेत. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला. संप लांबला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे गेले. भिवंडीची भरभराट झाली ती अशी. गिरणगावाच्या त्या उद्ध्वस्ततेवर जयंत पवार यांनी 'अधांतर' हे नाटक लिहिले, त्यावर २०१० साली 'लालबाग परळ' हा चित्रपटही आला. भिवंडीच्या वाट्याला मात्र असा नाटककार आला नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर उभा राहतो, खानावळीत जेवतो आणि एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतो. त्याच्यावर मागाचा मालक. तोही नेहमीच धनाढ्य नसतो. चार-आठ माग टाकून व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारे कित्येक मालक आहेत. सुताचा भाव त्यांच्या हाती नाही, कापडाचा भावही नाही. त्यामुळे भाव पडला की कात्री लागते ती मजुरीला आणि इमारतीच्या दुरुस्तीला. खालच्या दोन पायऱ्यांवरील माणसे एकमेकांशी भांडत राहतात. वरची पायरी शांत असते.

या न केलेल्या दुरुस्तीचे मोल केव्हा ना केव्हा चुकवावेच लागते. दि. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारतीचा भाग रहिवासी साखरझोपेत असताना कोसळला. सुमारे चाळीस जीव गेले, त्यांत लहान मुलेही होती. एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्यात गोदामाची इमारत कोसळली, तेव्हा आणखी आठ जणांचा बळी गेला. दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, नोटिसा लागतात. रहिवासी तरीही हलत नाहीत, कारण घर सोडले की भाडेकरूचा हक्क जाईल आणि कामही दूर पडेल, अशी त्यांना भीती असते. पर्याय न देता बजावलेली नोटीस माणसाला वाचवण्यासाठी असते की कार्यालयाला, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

सोलचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. चित्रपटाच्या यशानंतर तेथील प्रशासनाने तळघरातील काही घरांच्या दुरुस्तीला मदत जाहीर केली. पण ऑगस्ट २०२२ च्या अतिवृष्टीत अशाच एका तळघरात एकाच कुटुंबातील तिघींचा बुडून मृत्यू झाला. तेव्हा कुठे अशी घरे हळूहळू बंद करण्याचे धोरण पुढे आले. टाळ्यांनी घरात शिरलेले पाणी ओसरत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावयाचा.

वर्गसंघर्षाचे तत्त्वज्ञान ज्यांना मान्य नाही, समाज हा एकाच देहाचे अवयव आहे असे जे मानतात, त्यांच्यावर तर येथे अधिक जबाबदारी येते. पायात काटा रुतला असता डोळ्यांत पाणी येत नसेल, तर देह एक आहे असे म्हणण्याला अर्थ उरत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला; तरीही २०२० मध्ये रस्त्यावर उतरलेले लोक कोण, कुठले, किती, याची धड नोंद शासनाच्या हाती नव्हती. ज्याची नोंद नाही त्याला विमा नाही, भरपाई नाही आणि अनेकदा मृत्यूनंतर ओळखही नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मागावरच्या आणि गोदामातल्या कामगाराची नोंद व्हावी. धोकादायक इमारत रिकामी करवताना भाडेकरूच्या हाती हक्काचा लेखी दाखला द्यावा आणि कामाच्या टापूतच संक्रमण निवारा मिळावा. माल घेणाऱ्या बड्या व्यापाऱ्यानेही, तो माल कोणत्या छताखाली तयार होतो, हे पाहण्याची जबाबदारी उचलावी. आणि भिवंडीच्या गोदामातून निघालेले खोके ज्यांच्या दारात सकाळी येते, त्या ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाने ते आणणाऱ्याला निदान पाण्याचा पेला विचारावा.

बांडगूळ झाडाच्या रसावर जगते. भिवंडीत रस कोण देतो आणि कोण घेतो, याचा हिशेब ज्याने त्याने स्वतःशी मांडावा. तो प्रामाणिकपणे मांडला गेला, तर आपल्याला ते शीर्षक कोणाला लावायचे यासाठी कोरियापर्यंत जावे लागणार नाही.